रणगाडा कुणीही जोडेल, भाव ठरतो चेहऱ्यावर



या आठवड्याच्या व्हिडिओत टेबलावर एक रणगाडा ठेवलाय. लांबीला वीतभर, तोफ धरली तर थोडा जास्त. वरच्या झाकणांतून तीन माणसं बाहेर डोकावतायत. असं मॉडेल एखाद्या प्रदर्शनात स्टॉलवर ठेवा आणि गिऱ्हाईक काय करतं ते बघत राहा. आधी रणगाड्यावरून एकदा नजर फिरते, "अरे वा" म्हटलं जातं. मग माणूस खाली वाकतो आणि त्या तीन चेहऱ्यांकडे बघतो. तिथे डोळे बटबटीत दिसले, तोंडाला गुलाबी पोस्टर कलर फासल्यासारखं वाटलं, की तो सरळ उभा राहतो आणि पुढच्या स्टॉलकडे जातो. चेहरा जिवंत दिसला, की पहिला प्रश्न येतो: "केवढ्याला?"

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसंच. इथे शीत म्हणजे सहा मिलिमीटरचं डोकं!

आजचा विषय हा आहे: लष्करी वाहनांची स्केल मॉडेल्स ऑर्डरप्रमाणे बनवून विकणं. हा छंद असलेले बरेच जण आपल्यात आहेत. हात चांगला आहे, धीर आहे, पण छंदाचा धंदा करताना दोन ठिकाणी गाडी अडते. एक, सगळी मेहनत रणगाड्यावर आणि माणसं शेवटच्या रात्री उरकलेली. दोन, स्वतःच्या तासांचे पैसे लावायची लाज. दोन्हींवर बोलूया.

गिऱ्हाईक कोण?

सैन्यातून निवृत्त झालेली माणसं आणि त्यांचे घरचे. निरोप समारंभाला सहकाऱ्याला काहीतरी खास द्यायचंय असे अधिकारी. मॉडेल जमवणारे शौकीन, ज्यांच्याकडे किट आहे पण बसायला वेळ नाही. आणि शाळा-कॉलेजं, ज्यांना एखाद्या लढाईचा देखावा हवा असतो.

यातल्या पहिल्या दोन गटांना तुम्ही खेळणं विकत नाही, आठवण विकता. ज्याने वीस वर्षं त्या गाडीत काढली, त्याला एका नजरेत कळतं की मॉडेल बनवणाऱ्याने अभ्यास केलाय की नाही. म्हणून सुरुवात कात्री-गोंदापासून करू नका, माहितीपासून करा.

एक उदाहरण घेऊ: पूना हॉर्सचा सेंच्युरियन

सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा. आपल्या सैन्याने तो १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत वापरला. १७ पूना हॉर्स ही रेजिमेंट दोन्ही वेळा सेंच्युरियनवरच लढली. १९६५ मध्ये मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, वय अवघं २१. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. खेतरपाल यांच्या रणगाड्याचं नाव होतं "फामागुस्ता". महाराष्ट्रात बसून हे काम करणाऱ्याला यापेक्षा जवळचा विषय कुठला?

आता आकडे. खरा सेंच्युरियन तोफ पुढे धरून साधारण पावणेदहा मीटर लांब, रुंदी साधारण ३.४ मीटर, उंची तीन मीटर. रणगाड्यांच्या मॉडेल्समध्ये सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे १/३५. याची गंमत ऐका: हे माप कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकात मोटरवर चालणारं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या आणि मोटर बसायला हवी होती. ती बसवून जो आकार आला तो होता साधारण १/३५! पुढे सगळी बाजारपेठ त्याच मापावर आली. लक्षात घ्या, व्यवहाराच्या गरजेतून पडलेला पायंडासुद्धा उद्योगाचं प्रमाण होऊ शकतो.

१/३५ मध्ये आपला सेंच्युरियन होतो तोफेसकट २८ सेंटिमीटर लांब, जेमतेम १० सेंटिमीटर रुंद. १७० सेंटिमीटरचा जवान होतो पाच सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी. डोकं सहा मिलिमीटर. आणि डोळा? एक मिलिमीटरसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऑर्डर घेताना कामाला येते. सेंच्युरियनमध्ये माणसं चार: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. पण मॉडेलवर साधारणपणे तीनच दिसतात, कारण गनर आत कमांडरच्या पुढे बसतो, त्याला स्वतःचं वेगळं झाकण नाही. गिऱ्हाईक "चौघे दाखवा" म्हणालं, तर चौथ्याला गाडीबाहेर उभं करावं लागेल. म्हणजे कमरेपासून वरचा अर्धा पुतळा नाही, पूर्ण पुतळा लागणार. वेळ जास्त, पैसे जास्त. हे तुम्हाला आधी माहीत असेल तर भाव आधी सांगाल. नंतर कळलं तर खिशातून जाईल.

अभ्यासाला कुठे जायचं? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. देशोदेशीचे रणगाडे आणि चिलखती गाड्या मिळून जवळजवळ ५० वाहनं आहेत, त्यात सेंच्युरियनही आहे. एक दिवस काढून जा. फोटोची परवानगी काय आहे ते तिथे विचारून घ्या. वंगण कुठे ओघळतं, पायऱ्यांवर रंग कुठे झिजतो, झाकणाची बिजागरी कशी असते, हे डोळ्यांनी बघून वहीत लिहून ठेवा. एका दिवसाचा प्रवासखर्च हे तुमचं भांडवल आहे.

जोडणी: इथे शिस्त पुरते

किटमधले भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. ते निपरने थोडी जागा सोडून कापा, उरलेला तुकडा ब्लेडने छाटा, मग पॉलिश पेपर. साच्याची बारीक रेघ प्रत्येक भागावर असते, ती खरवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. चिकटवण्याआधी भाग कोरडाच बसवून बघायचा. प्लास्टिकला मॉडेलचं पातळ सिमेंट वापरा. ते प्लास्टिक किंचित विरघळवून जोड एकजीव करतं. रेझिन आणि धातूला ते चालत नाही, तिथे सुपरग्लू.

दोन गोष्टी धंद्याच्या नजरेने सांगते.

पहिली, सगळं एकदम चिकटवू नका. चाकं-पट्टे वेगळे, टरेट वेगळा, माणसं वेगळी रंगवा. हात पोचला तरच काम स्वच्छ होतं.

दुसरी, खालचं आणि वरचं धूड जोडण्याआधी तळाला आतून एक-दोन नट पक्के बसवून ठेवा. मॉडेल लाकडी पाटावर खालून बोल्टने आवळता येतं. कुरिअरने जाणाऱ्या मालाला हा पाच रुपयांचा नट वाचवतो.

रंगाचं थोडक्यात: आधी प्रायमर, मग ऑलिव्ह ग्रीन. वरच्या पृष्ठभागांवर तोच रंग थोडा फिका करून मारा, नाहीतर छोटं मॉडेल काळपट दिसतं. मग खाचांमध्ये पातळ गडद रंग, कडांवर कोरड्या ब्रशचा हलका हात, शेवटी माती. बसंतर म्हणजे नदीकाठची लढाई, तेव्हा राजस्थानची पिवळी वाळू इथे फासू नका. पट्टे आणि चाकांवर मातकट तपकिरी धूळ-चिखल बरोबर दिसेल.

पावसाळ्यात काम करणाऱ्यांनो, स्प्रेचं मॅट वार्निश दमट हवेत पांढुरकं पडतं. कोरडा दिवस बघा किंवा ब्रशने लावा. स्प्रे आणि एअरब्रशला मास्क आणि उघडी खिडकी हवीच. रेझिन घासायचं तर पाण्यात भिजवून घासा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

चेहरा: इथे तुमचा भाव ठरतो

आता मुख्य भाग. सावकाश वाचा.

बहुतेक किटमध्ये दिलेली माणसं युरोपियन सैन्याच्या वेषात असतात. माहितीपत्रकात त्वचेला जो रंग लिहिलेला असतो, तो गोऱ्या कातडीचा. तो तसाच लावला, तर भारतीय रणगाड्यावर इंग्रज बसलेला दिसेल. तपकिरी रंगाचा पाया घ्या, त्यात थोडा तांबूस आणि थोडा गेरूसारखा पिवळसर मिसळा. तिघांचा रंग एकसारखा नको. एक सावळा, एक गव्हाळ, एक उन्हाने रापलेला. एवढ्यानेच तीन पुतळ्यांची तीन माणसं होतात.

डोक्यावर काय? आपल्या चिलखती दलाची टोपी काळी. शीख जवानाला पगडी हवी, आणि ती किटमध्ये मिळेलच असं नाही. दोन भागांचं इपॉक्सी, म्हणजे आपलं एम-सील, मळून बारीक पट्ट्या करा आणि खऱ्या पगडीसारख्या एकावर एक बसवा. हात ओला ठेवा, टाचणीने घड्या पाडा. त्या युनिटमधले, त्या काळातले फोटो बघूनच ठरवा. अंदाजपंचे नाही.

रंगवायचा क्रम असा:

१. पुतळा पेन्सिलीच्या टोकाला किंवा जुन्या बाटलीच्या बुचावर टेकवून पक्का करा. बोट पुतळ्याला लागता कामा नये.

२. रंग दुधासारखा पातळ. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर. रंग वाळू नये म्हणून चपटा डबा घ्या, तळाला ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. झाली ओली पॅलेट, खर्च जवळजवळ शून्य.

३. पायाचा रंग वाळला की सावली. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, गालाच्या खळग्यात, हनुवटीखाली आणि टोपी जिथे कपाळाला टेकते तिथे. एवढ्याशा चेहऱ्यावर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही. म्हणून ती आपण रंगवायची.

४. डोळे. शुद्ध पांढरा वापरू नका, माणूस घाबरलेला दिसतो. किंचित करडा किंवा मळकट पांढरा घ्या. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं हवं. चारही बाजूंनी पांढरं दिसलं की डोळे वटारल्यासारखे होतात. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला. जमत नसेल तर डोळे मिचकावलेले दाखवा. उन्हात उभा कमांडर असाच बघतो, आणि काम निम्मं सोपं होतं.

५. उजेड. नाकाचा दांडा, गालाचं हाड, भुवईवरचा उंचवटा, हनुवटीचं टोक. पायाच्या रंगात फिका रंग मिसळत दोन-तीन पायऱ्यांनी वर जा. पांढरा ओतून नाही.

६. दाढी-मिशी कोळशासारखी काळी नको. गडद तपकिरी-करडी घ्या. नुकत्याच केलेल्या दाढीची छटा गालावर अगदी पातळ करड्या रंगाने येते.

ब्रशबद्दल एक गैरसमज काढून टाका. "डोळ्याला सगळ्यात बारीक, तीन शून्याचा ब्रश हवा" असं नवखे म्हणतात. त्या ब्रशवर रंगच मावत नाही, पुतळ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळतो. शून्य किंवा एक नंबरचा, पण टोक टोकदार राहणारा चांगला ब्रश घ्या. पैसे वाचवायचे तर रंगांच्या शेडमध्ये वाचवा, ब्रशमध्ये नको.

आणि हो, कमांडर दूर बघतोय, लोडर त्याच्याकडे बघतोय, ड्रायव्हर रस्त्याकडे. रंगवण्याआधी माना वळवून ही नजरांची जुळणी करा. तिघं एकाच प्रसंगात आहेत असं दिसलं पाहिजे. तिघं तीन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत असतील, तर कितीही छान रंग द्या, गोष्ट तयार होत नाही.

हिशेब: वही काढा

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावातले, तुमच्या पुरवठादाराचे भाव टाकून स्वतःचा तक्ता करा.

सामान: किट ५,०००. रेझिनची तीन माणसं १,५००. रंग, गोंद, पॉलिश पेपर ८००. लाकडी पाट, नामपट्टी आणि ॲक्रिलिक पेटी १,८००. पॅकिंग-कुरिअर ९००. एकूण १०,०००.

वेळ: जोडणी २२ तास. रणगाड्याचं रंगकाम १६ तास. तीन माणसं, प्रत्येकी ५ तास, म्हणजे १५. पाट आणि जमीन ६. अभ्यास, फोटो, फोनवर बोलणं आणि पॅकिंग ६. एकूण ६५ तास.

आता बहुतेक छंदवाले काय करतात? "सामान दहा हजाराचं, वर दोन हजार मिळाले की बास. आवडीचंच तर काम आहे." म्हणजे १२,०००. दोन हजाराला ६५ ने भागा. तासाला ३१ रुपयेसुद्धा पडत नाहीत! यात तुमची वीज नाही, ब्रशची झीज नाही, तुटलेला भाग परत मागवायचा खर्च नाही. हा धंदा नाही, गिऱ्हाईकाला दिलेली देणगी आहे. आणि दोन-तीन ऑर्डरींनंतर आवडही उरत नाही, कारण घरचे विचारतात, "दिवसभर टेबलापाशी बसून मिळवलं काय?" त्या प्रश्नाला उत्तर नसलं की चांगला हात असलेला माणूस हे काम सोडून देतो. मला भीती आहे ती याची.

आता नीट हिशेब. तासाला १५० रुपये धरा, ६५ तासांचे झाले ९,७५०. सामान १०,०००. हत्यारांची झीज, वीज, नुकसान यासाठी १,५००. बेरीज २१,२५०. त्यावर २० टक्के नफा ४,२५०. विक्री किंमत २५,५००.

"मॅडम, एवढे कोण देणार?" हा प्रश्न येणारच. उत्तर: किंमत फोडून दाखवा. माणसांशिवाय, झाकणं बंद ठेवून तोच रणगाडा किती पडतो? माणसांचे १,५०० आणि १५ तासांचे २,२५० वजा, त्यांच्यावरचा नफा वजा. म्हणजे ४,५०० कमी, किंमत २१,०००. आता गिऱ्हाईकासमोर दोन पर्याय ठेवा: "बंद झाकणांचा २१,०००, क्रूसकट २५,५००." आणि शेजारी क्रू असलेल्या मॉडेलचा जवळून काढलेला फोटो ठेवा. घासाघीस "कमी करा"वरून "यातलं कुठलं घेऊ?"वर येते. चेहरे हे तुमचं वेगळं विकता येणारं कौशल्य आहे. ते फुकट जोडून देऊ नका.

एक अट मात्र आहे. चेहरे खरंच चांगले असले पाहिजेत. वाईट चेहऱ्यापेक्षा बंद झाकण केव्हाही बरं.

ऑर्डर घेताना कागदावर काय हवं

कुठला रणगाडा, कुठलं वर्ष, कुठला प्रदेश. झाकणं उघडी की बंद, माणसं किती. नामपट्टीवरचा मजकूर गिऱ्हाईकाने स्वतः लिहून दिलेला. देण्याची तारीख, घाईत ठरवलेली नाही तर दोन आठवडे जास्तीची. निम्मी रक्कम आगाऊ, कारण किटचे पैसे तुम्ही अडकवायचे नाहीत. तीन टप्प्यांवर फोटो पाठवायचे: रंगाआधी, मूळ रंगानंतर, चेहरे झाल्यावर. बदल त्याच टप्प्यात सांगायचा, नंतरच्या बदलाला वेगळे पैसे.

आणि प्रामाणिकपणा. कुणी येऊन म्हणेल, "माझ्या वडिलांचा चेहरा हुबेहूब करा." सहा मिलिमीटरच्या डोक्यावर हुबेहूब चेहऱ्याचं वचन देऊ नका. मिशीची ठेवण, रंग, पगडी, उभं राहायची ढब जमवता येईल, एवढंच सांगा. तसंच, रणगाड्यावरची खूण, क्रमांक, नाव यांचा पुरावा हातात नसेल, तर "हा अमुक यांचाच रणगाडा" असं नामपट्टीवर लिहू नका. "सेंच्युरियन, १९७१" एवढं लिहा. शहीदाच्या घरच्यांसमोर ठेवायची वस्तू आहे. तिथे अंदाज चालत नाही.

कायद्याचं दोन ओळींत: तुमच्या लेबलवर, बॉक्सवर राजमुद्रा छापायची नाही, त्याला कायद्याने बंदी आहे. दुसऱ्या कंपनीचे पुतळे साच्यात ओतून नकला विकायच्या नाहीत. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्या. जीएसटीचं तुमच्या उलाढालीप्रमाणे सीएला विचारा.

पॅकिंग

मॉडेलला थेट बबल रॅप गुंडाळायचा नाही, अँटेना आणि हात त्यातच मोडतात. पाट खोक्याच्या तळाला स्क्रूने आवळा, मॉडेलला कशाचाही स्पर्श नको. मग ते खोकं मोठ्या खोक्यात, मधल्या जागेत फोम. आणि पाठवण्याआधी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

आता तुमचा गृहपाठ

एअरब्रश-कॉम्प्रेसर घ्यायला धावू नका. मोठं किटही नको. १/३५ च्या सैनिकांचा एक साधा संच आणा, एक चांगला ब्रश आणा, सहा-सात रंग आणा. फक्त डोकी रंगवा. वीस डोकी. प्रत्येकावर किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पहिलं आणि विसावं शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात, पुतळ्याच्या नजरेच्या उंचीवर मोबाईल धरून फोटो काढा. मागे काळा कार्डशीट.

तो फोटो तुमच्या ओळखीच्या एखाद्या फौजी काकांना दाखवा. काही बोलू नका, फक्त त्यांचं बोट कुठे जातं ते बघा. त्यांनी डोळ्यांकडे बोट दाखवून "हे काय झालंय?" विचारलं, तर अजून वीस. आणि "हा आमच्यातला वाटतोय" म्हणाले, तर रणगाड्याचं किट मागवा आणि वहीत तासाचा दर लिहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हात चालू ठेवा, हिशेब चोख ठेवा!